टेपवरची माणसं

नमस्कार. प्रायोगिक संगीत म्हटलं की काही जण खुर्चीत जरा पुढे सरकून बसतात आणि दार कुठे आहे ते बघून ठेवतात. त्यांना मी दोष देत नाही. विसाव्या शतकातल्या कितीतरी प्रयोगांविषयी वाचायला मजा येते, ऐकायला येतेच असं नाही. लिगेटी या संगीतकारानं १९६२ साली शंभर मेट्रोनोमसाठी, म्हणजे टिकटिक करून लय मोजणाऱ्या यंत्रांसाठी, रचना केली. सगळे एकदम सुरू करायचे आणि शेवटचा थांबेपर्यंत बसून राहायचं. कल्पना झकास आहे, पण घरी मुद्दाम दुसऱ्यांदा लावून बसणारे थोडेच.

तरीही संगीताचं कसलंही शिक्षण न घेतलेली माणसं काही प्रयोग पुन्हा पुन्हा ऐकतात, दुसऱ्यांना ऐकवतात. अशा आवडत्या रचना विचारल्या की तीन संगीतकारांची नावं माझ्या कानावर हमखास येतात. तिघांच्याही त्या रचना टेपरेकॉर्डरवरच्या, १९६५ ते १९७१ या काळातल्या. आणि प्रत्येकीत एक माणूस आहे, साधं बोलणारा नाहीतर गाणारा. माझं म्हणणं असं की प्रयोग कधीच जुना झालाय, लोक परत जातात ते त्या माणसाकडे.

पहिला ॲल्विन लूसिए. हा अमेरिकन संगीतकार बोलताना अडखळायचा. १९६९ साली त्यानं ‘आय ॲम सिटिंग इन अ रूम’ ही रचना केली. कृती कुणालाही जमेल अशी. खोलीत बसून चार-पाच वाक्यं बोलायची, ती रेकॉर्ड करायची. मग ती टेप त्याच खोलीत स्पीकरवर लावायची आणि खोलीत उमटणारा आवाज दुसऱ्या यंत्रावर घ्यायचा. ती दुसरी टेप लावून तिसरी करायची. असं करत जायचं. ॲमर बोस नवे स्पीकर तपासताना त्यांचा आवाज असाच परत परत फिरवतात, हे एमआयटी या अमेरिकन विद्यापीठातलं त्यांचं व्याख्यान ऐकून आलेल्या एका सहकाऱ्याकडून कळलं आणि त्यावरून लूसिएला ही कल्पना सुचली. हो, तेच बोस, ज्यांचे स्पीकर घेतले की लोक पाहुण्यांना आवर्जून दाखवतात.

आता यात घडतं काय? प्रत्येक खोलीचे स्वतःचे काही स्वर असतात. न्हाणीघरात गुणगुणताना एखाद्याच सुरावर भिंती अचानक साथ देतात, हे आपण सगळ्यांनी अनुभवलंय. दर फेरीला खोली आपले स्वर वाढवते आणि बाकीचे गिळत जाते. १९८० साली लूसिएनं अमेरिकेतल्या मिडलटाउनच्या आपल्या घरात याचं ध्वनिमुद्रण केलं. ४५ मिनिटं, ३२ फेऱ्या. सुरुवातीला नुसता घुमारा वाढतो. मग व्यंजनं झिजतात. पुढे एक वेळ अशी येते की मघाशी कळत होतं ते आता कळत नाही, आणि नेमकं कधी कळेनासं झालं ते सांगता येत नाही. शेवटी उरतात ते पेल्याच्या काठावर ओलं बोट फिरवल्यासारखे लांब, स्वच्छ सूर.

काय होणार हे त्यानं त्या वाक्यांत आधीच सांगून टाकलेलं असतं. आणि शेवटी तो म्हणतो, भौतिकशास्त्रातली एक गोष्ट दाखवावी एवढाच हेतू यामागे नाही, माझ्या बोलण्यातला खडबडीतपणा गुळगुळीत करायची ही एक रीत आहे. गंमत बघा, मधे ‘ऱ्हिदम’ हा शब्द म्हणतानाच तो अडखळतो. खोली सगळे शब्द विरघळवते, पण बोलण्याची लय बराच वेळ टिकते. म्हणजे ते अडखळणंही टिकतं. जे पुसायला निघाला तेच त्याला पुरून उरलं.

किराणा घराणं ऐकलेल्या कानाला शेवटची पंधरा मिनिटं परकी वाटू नयेत. एका स्वरावर ठाण मांडून बसायचं म्हणजे काय, हे मिरजेच्या आसपास कुणाला समजावून सांगावं लागत नाही. हे मी ओढूनताणून आणत नाही. किराणा घराण्याच्याच अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शिष्य पंडित प्राणनाथ १९७० साली अमेरिकेला गेले आणि टेरी रायली, ला माँट यंग यांच्यासारखे तिथले प्रयोगवाले त्यांच्यापुढे शिष्य म्हणून बसले. लूसिए त्या गोटातला नव्हता, पण या सगळ्यांचे ऐकणारे पुष्कळदा तेच असतात.

दुसरा स्टीव्ह राइश, हाही अमेरिकन. सॅन फ्रान्सिस्कोच्या युनियन स्क्वेअरमध्ये एक कृष्णवर्णीय धर्मोपदेशक बायबलमधल्या नोहाच्या प्रलयाची कथा गर्जून सांगत होता. राइशनं तो आवाज टेपवर घेतला. त्यात मागे एका कबुतराच्या पंखांची फडफडही आहे, ती तालवाद्यासारखी ऐकू येते. एका छोट्या तुकड्याचे दोन लूप, म्हणजे टोकाला टोक जोडून सतत फिरत राहणाऱ्या टेप, करून ते दोन स्वस्तातल्या यंत्रांवर एकत्र लावले, तर यंत्रांचा वेग किंचित वेगळा पडला आणि एक लूप हळूहळू दुसऱ्याच्या पुढे सरकू लागला. ‘इट्स गॉना रेन’ ही १९६५ ची रचना त्या सरकण्यातून जन्मली. त्याचं पुढच्या काही वर्षांचं बरंचसं संगीत याच सरकण्यावर उभं आहे.

पण मला बोलायचंय ते पुढच्या वर्षीच्या ‘कम आउट’बद्दल. १९६४ साली न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये पोलिसांनी काही कृष्णवर्णीय पोरांना पकडलं, पुढे त्यांच्यावर खुनाचा आरोप ठेवला. ‘हार्लेम सिक्स’ म्हणून हे प्रकरण ओळखलं जातं. त्यातला डॅनियल हॅम सांगतो की चौकीत मारहाण झाली, पण ज्यांच्या अंगातून रक्त येत होतं त्यांनाच इस्पितळात नेत होते. म्हणून त्यानं स्वतःची सुजलेली जखम दाबून फोडली, रक्त बाहेर यावं आणि त्यांना दिसावं म्हणून. या मुलांचा खटला पुन्हा चालावा यासाठी न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये निधी गोळा करायचा कार्यक्रम होता, त्यासाठी राइशनं ही रचना केली.

आधी हॅमचं वाक्य पूर्ण ऐकू येतं. मग ‘बाहेर यावं, त्यांना दिसावं’ एवढाच तुकडा फिरत राहतो. दोन आवाज, मग चार, मग आठ. तेरा मिनिटांच्या आत त्याचा गलका होतो, शब्द हरवतात, राहते ती घासणारी, सरसरणारी एक लाट. इथे मला नेहमी अस्वस्थ व्हायला होतं. लूसिएनं स्वतःचा आवाज विरघळवला. राइशनं दुसऱ्याचा विरघळवला, तोही आपली जखम कुणीतरी बघावी म्हणून धडपडणाऱ्या पोराचा. काहींना ही त्याच्या वेदनेची वाढलेली हाक वाटते, काहींना ती पुसून टाकणं वाटतं. मला विचाराल तर दोन्ही होतं, आणि राइशला ते कळत असावं. नाहीतर पूर्ण वाक्य आधी ऐकवायची गरजच नव्हती.

तिसऱ्याबद्दल थोडक्यात, कारण त्याची गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक असते. १९७१ साली गॅव्हिन ब्रायर्स या इंग्रज संगीतकाराच्या हाती लंडनच्या रस्त्यांवर राहणाऱ्यांची एक टेप आली, मित्राच्या माहितीपटातून उरलेली. तिच्यात एक म्हातारा ‘जीझस ब्लड नेव्हर फेल्ड मी येट’ या येशूवरच्या भजनाचं एक कडवं गातो, रचनेचं नावही तेच. ब्रायर्सनं ते तेरा मापांचं (म्हणजे तालाच्या तेरा खंडांचं) कडवं लूपवर फिरवलं आणि त्याच्याभोवती हळूहळू वाद्यवृंद आणला. इथे यंत्र आवाजाला हात लावत नाही, फक्त सोबत वाढत जाते. म्हातारा मात्र रचना ऐकायच्या आधीच गेला. १९७५ सालची पंचवीस मिनिटांची आवृत्ती मला पुरते. १९९३ सालची सत्तर मिनिटांच्या वर जाते, शेवटी अमेरिकन गायक टॉम वेट्स त्या म्हाताऱ्याबरोबर गाऊ लागतो आणि मला तिथे उगीच गर्दी वाटते. ती आवडणारी मंडळी इथे नक्की असतील, चहाच्या वेळी भांडू.

आता दहा मिनिटांनी ‘कम आउट’ पूर्ण लावतोय. आवाज थोडा मोठा असेल. मधे उठावंसं वाटलं तर संकोच करू नका, बाजूचं दार उघडंच ठेवलंय. पण पहिलं वाक्य सुटू देऊ नका. मराठी अनुवादाचे कागद पुढच्या रांगेत ठेवलेत, ज्यांना हवेत त्यांनी घ्या.