काटा दाखवतो तो पीळ

मित्रांनो, गाडीचं माहितीपत्रक हातात पडलं की नजर आधी पॉवरच्या आकड्यावर जाते. पण पॉवर थेट मोजली जात नाही. मोजला जातो पीळ, म्हणजे टॉर्क, आणि मोजले जातात फेरे. पॉवर त्यावरून हिशेबाने काढतात.

इंजिनाच्या या पॉवरला ब्रेक हॉर्सपॉवर म्हणतात. त्यातला ‘ब्रेक’ आला कुठून? गाडी थांबवणाऱ्या ब्रेकशी त्याचा संबंध नाही. 1821 साली फ्रान्समध्ये गास्पार द प्रोनी यांनी एक साधी युक्ती काढली. फिरता शाफ्ट दोन लाकडी ठोकळ्यांमध्ये आवळायचा आणि ठोकळ्यांना लांब दांडी जोडायची. शाफ्ट ठोकळ्यांना आपल्याबरोबर ओढू पाहतो. दांडीच्या टोकाला वजन टांगून ती आडवीच राहील असं करायचं. घर्षणाने लाकूड तापतं, म्हणून वरून पाणी सोडायचं. शाफ्टला आवळणारे हे ठोकळे म्हणजेच तो ‘ब्रेक’. आजच्या इंजिन डायनोत, म्हणजे पॉवर मोजायच्या यंत्रात, लाकडाचं काम पाणी किंवा चुंबक करतो आणि वजनाच्या जागी जोर मोजणारा लोड सेल असतो. तत्त्व मात्र तेच आहे.

आता हिशेब करू. दांडी 1 मीटर, काटा 10 किलो दाखवतोय, इंजिन 4000 आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला 4000 फेऱ्यांवर आहे. 1 मीटर त्रिज्येचा एक फेरा म्हणजे 6.28 मीटर, 10 किलोच्या जोराने गुणलं की 62.8. सेकंदाला फेरे 66.7, म्हणजे गुणाकार साधारण 4190. याला 75 ने भागा, कारण 75 किलो वजन सेकंदात 1 मीटर उचलणं म्हणजे एक पीएस, मेट्रिक हॉर्सपॉवर. उत्तर आलं 56.

इंजिन 6000 वर नेलं आणि काटा 9 किलोवर उतरला, तर? उत्तर 75. पीळ घटला, तरी पॉवर वाढली! घाटात गिअर खाली टाकला की इंजिनाचे फेरे वाढतात आणि गाडी उचल खाते, ती म्हणूनच.

जेम्स वॅटचा इंग्रजी हॉर्सपॉवर थोडा मोठा, 746 वॅटचा, पीएस 735.5 वॅटचा. हा फरक किरकोळ आहे. खरा फरक पडतो तो मोजताना इंजिनाला काय जोडलं होतं त्याने. पूर्वी अमेरिकेत अल्टरनेटर, एअर फिल्टर, सायलेन्सर काढून ‘ग्रॉस’ आकडा देत. 1972 च्या मॉडेलांपासून तिथे हे सगळं जोडून मोजलेला ‘नेट’ आकडा आला आणि तीच इंजिनं कागदावर एकदम दुबळी दिसू लागली. हवेचाही परिणाम होतो: उंचावर, उन्हात हवा विरळ, म्हणून आलेला आकडा प्रमाण तापमान आणि दाबाला जुळवून घ्यावा लागतो.

माझ्या ओळखीच्या एका मुलाने नवी गाडी रोलरच्या डायनोवर चढवली. पावतीवरचा आकडा माहितीपत्रकापेक्षा बराच कमी. फसवलं म्हणून तो चिडला होता. रोलर चाकाशी मोजतो आणि कंपनी इंजिनाच्या क्रँकशाफ्टशी, हे त्याला सांगून पटेना. मग त्याला खाली वाकवून गिअरबॉक्सजवळ हात धरायला लावला. धग लागली तसा तो गप्प झाला. त्याच्या हरवलेल्या पॉवरचा बराचसा वाटा त्या धगीत आणि टायरच्या गरम रबरात होता.