माहेरचं पाणी

नमस्कार श्रोतेहो.

बेळगावात आमच्या घरी नळाला पाणी आलं की आजी हाक मारायची, "उठा गं, माझ्या माहेरचं पाणी आलं!" तिचं माहेर हुन्नूर, हुक्केरी तालुक्यात, घटप्रभेच्या काठचं. ते हिडकल धरणात गेलं.

हे धरण १९७७ साली पूर्ण झालं. साठवण ५१ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, सुमारे २,८३२ कोटी लिटर. अशी एक्कावन्न, श्रोतेहो, एक्कावन्न! धरणावर १६ मेगावॉटचे दोन वीजसंच आहेत. चाकं फिरवून झालं की तेच पाणी नदीनं धुपदाळच्या १८९७ सालच्या बंधाऱ्याला जातं आणि तिथून डाव्या कालव्यानं शिवारात. तेच पाणी वीज देतं, तेच पीक देतं. आणि पीक कोणतं, तर ऊस! उसाला मोकाट पाणी पाजून काळी जमीन चोपण होते, वर मीठ फुटतं. ठिबक बसवा, हे मी प्रत्येक भाषणात सांगते, आजही सांगते.

तर आजी. एका उन्हाळ्यात धरण फार खाली गेलं आणि हुन्नूरचं विठ्ठलाचं दगडी देऊळ पाण्याबाहेर आलं. आजी म्हणाली, मला ने. मे महिन्याचं ऊन, पायाखाली भेगाळलेला गाळ. देवळाकडे तोंड करून तिनं हात जोडले, मग देऊळ पाठीशी धरून पावलं मोजत निघाली. "हितं वेस. हितं आड. आणि हितं आमचा उंबरा." मला नुसता गाळ दिसत होता. ती खाली बसली, हातानं माती उकरू लागली. जात्याची खालची तळी लागली! तिच्या आईचं जातं. पदरानं पुसून तिनं कनवटीची कुंकवाची पुडी सोडली.

मी म्हटलं, "आजी, गाडी बोलावू? घरी नेऊ."

"नको गं. माझ्या आईनं मांडलंय तिथंच राहू दे."

जूनमध्ये पाऊस लागला. पेपरात हिडकलची पातळी यायची, ती मी तिला रोज वाचून दाखवायची. धरण भरतं समुद्रसपाटीपासून २१७५ फुटांना. आजी आकडा ऐकायची, गप्प बसायची. जुलैत एका सकाळी आकडा ऐकून म्हणाली, "आता जातं बुडलं असणार." आणि नळाखाली घागर लावायला उठली.