कोण मोजता?

(दृश्य: पहाट. मालवणचा किनारा. रापण ओढणं चालू आहे.)

होडीने अर्धगोल मारून जाळं सोडलंय. त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावर, दोन्हीकडे माणसं दोराला लागलीत. थोड्या वेळाने वाळूवर मासळीचे वाटे पडतील. एखाद्या वाट्यात चार बांगडे जास्त गेले तर? रापणकर हसतो. "चार इकडे-तिकडे, कोण मोजता?"

हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

(दृश्य: जाळ्याच्या वरच्या दोरीवरचे बोये, जवळून.)

समजा, ही दोरी संपतच नाही. बोयांना नंबर दिले: १, २, ३... त्यांतले हवे ते निवडा. सगळे सम, सगळे वर्ग, काहीही. दोन निवडींत मोजक्याच बोयांचा फरक असेल, मग तो दहाचा असो की दहा कोटींचा, तर त्या एकच धरायच्या. दोन निवडी एकत्र करता येतात, त्यांतलं सामाईक काढता येतं, उरलेलं घेता येतं. हे झालं एक बूलीय बीजगणित.

आता निवडींची अशी अदलाबदल करायची, की हे संबंध जसेच्या तसे टिकतील. सोपा उपाय म्हणजे बोयेच सरकवायचे, प्रत्येक एक घर पुढे. पहिलं घर रिकामं पडलं, पण एकच. कोण मोजता?

मग अशी अदलाबदल असेल का, जिच्यामागे बोयांचं कुठलंच सरकणं नाही?

गणितज्ञ वॉल्टर रुडिन यांनी १९५६ मध्ये दाखवलं: सातत्यक गृहीतक मानलं, तर आहे. १, २, ३ची अनंतता आणि रेषेवरच्या बिंदूंची अनंतता, यांच्या मधली तिसरी अनंतता नाही, असं ते गृहीतक सांगतं. मग अदलाबदल पायरी-पायरीने रचता येते. कुठली निवड कुठे जाणार, याचे मागचे ठराव कुठल्याही पायरीवर गणनीयच, म्हणजे १, २, ३ असे नंबर देता येण्याइतकेच असतात, त्यामुळे पुढे दोन वाटा उरतात. पायरीगणिक वाटा फुटत जातात आणि शेवटी इतक्या होतात, की नुसत्या सरकण्यांना त्या सगळ्या पुरून उरतात.

(दृश्य: भरती. पावलांचे ठसे पुसले जातायत.)

गणितज्ञ सहारोन शेलाह यांनी मात्र नेमकं उलटं गणिती विश्व उभं केलं. हत्यार होतं अशी विश्वं रचायच्या, पॉल कोहेन यांनी १९६३ मध्ये शोधलेल्या पद्धतीचं, पुष्कळ धार लावलेलं. त्या विश्वात प्रत्येक अदलाबदलीमागे बोयेच सरकलेले सापडतात. सातत्यक गृहीतक तिथे अर्थातच खोटं.

गणित ज्यांच्या पायावर उभं करतात ती झेर्मेलो-फ्रेंकेलची नेहमीची गृहीतकं, निवडीच्या गृहीतकासकट, दोन्हीकडे खरी. म्हणजे त्यांच्या बळावर हा प्रश्न सुटणारच नाही. आणि प्रश्न कशाबद्दल? १, २, ३बद्दल! मला अजून याचीच गंमत वाटते.

(दृश्य: जाळं वाळूवर येतं. वाटे पडायला सुरुवात.)