पाणी अडवणारी काळी भिंत

[दृश्य: भर उन्हातलं शिवार, दोन विहिरी]

मे महिना. अजिंठ्याच्या डोंगरांच्या पायथ्याशी असलेल्या या विहिरीत अजून दोन परस पाणी आहे. दीडशे पावलांवरची शेजाऱ्याची विहीर तितकीच खोल, पण कोरडी ठाक. काका हातानं दाखवतात, "मधी काळ्या दगडाची भित हाय. तिच्यामुळं पाणी हिकडंच तुंबतंय."

ही भित कुणी बांधली?

[दृश्य: बांधाजवळ वर आलेली दगडांची रांग]

6.6 कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्ह्याचे थर एकावर एक पसरले. किल्लारीत 1993 च्या भूकंपानंतर बोअर घेतलं, तेव्हा हा काळा पाषाण सुमारे 340 मीटर जाड निघाला. पण या लाव्ह्यासाठी शंकूसारखा डोंगर शोधायला गेलात तर सापडणार नाही. लाव्हा वर आला तो लांबच लांब भेगांमधून. भेगेत अडकून थिजलेला शिलारस म्हणजे ही भिंत. भूशास्त्रात हिला डाइक म्हणतात.

भेग मात्र आधीपासून तयार नव्हती. शिलारसानं ती स्वतः फाडली.

पाथरवट दगड कसा फोडतो, आठवा. एका ओळीत भोकं पाडायची, पाचरी ठोकायच्या. चीर पाचरीच्या पुढे पळते. शिलारस ही पातळ पाचर. त्याचा दाब भेगेच्या दोन्ही भिंतींवर सगळीकडे पडतो, पण ताण एकवटतो टोकाशी. तिथला दगड तुटला की शिलारस पुढे सरकतो, पुन्हा टोकाशी ताण. आणि भेग जितकी लांब, तितकं तिचं टोक फाडणं सोपं. आइसलँडमध्ये 2014 साली अशी एक भेग दोन आठवड्यांत सुमारे 45 किलोमीटर धावली. तिच्या वाटेवरचे बारीक भूकंप यंत्रांनी टिपले.

दिशाही मनमानी नसते. जमिनीवर ज्या बाजूनं दाब सर्वांत कमी, त्या बाजूला भेग उघडते. धुळे-नंदुरबारकडच्या डाइक बहुतेक पूर्व-पश्चिम धावतात, म्हणजे तेव्हा जमीन उत्तर-दक्षिण ताणली जात होती. वाटेत थर बदलला, तर शिलारस कधी आडवा वळतो आणि दोन थरांमध्ये शिरून पसरतो. त्याला सिल म्हणतात. भेग फारच अरुंद असेल तर तो वाटेतच थिजतो.

[दृश्य: विहिरीच्या कडेला, कॅमेरा अगदी जवळ]

इथं बोट ठेवा. भिंतीची कड बारीक कणांची, जवळपास काचेसारखी. गार दगडाला टेकताच शिलारस झटकन थिजला, म्हणून. बोटभर आत सरका, कण मोठे होत जातात. आणि या आडव्या चिरा? गार होताना दगड आकसला, तडे भिंतीला काटकोनात गेले. म्हणून ही रांग लांबून कुणीतरी रचल्यासारखी दिसते.

प्रत्येक डाइक पाणी अडवतेच असं नाही. भेगाळलेली असेल तर तीच पाणी वाहून नेते. म्हणून बोअरवर लाख-दीड लाख घालण्याआधी ही रांग पाहावी, असं आम्हाला मनापासून वाटतं.

[दृश्य: जमिनीवर फक्कीचं वर्तुळ]

शेजाऱ्यानं नवी विहीर आखली आहे. या वेळी भिंतीच्या वरच्या अंगाला.