शिक्क्यावरचं गाव

(अंबाजोगाईतल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

पत्रिकेत विषय छापलाय 'प्रथम दिवस आवरणं आणि शहराचा इतिहास'. त्याआधी एक विचारतो. पन्नास वर्षांपूर्वीचं टपाली पाकीट कुणाकुणाच्या घरी आहे? सात-आठ हात दिसतात. तिकीट आणि शिक्का दोन्ही जागेवर असलेलं? दोनच राहिले. बरोबर, माझी तळमळ तीच आहे.

नवं तिकीट ज्या दिवशी निघतं, त्याच दिवशी ते पाकिटावर लावून त्या तारखेचा शिक्का मारला की झालं प्रथम दिवस आवरण. आम्ही एफडीसी म्हणतो. लोक डावीकडचं चित्र बघतात, तिकीट बघतात. मी आधी शिक्का बघतो. तिकीट देशभर सारखंच असतं. गावाचं नाव आणि तारीख शिक्का सांगतो.

हे मला कळलं ते फार महागात. 1964 चा उन्हाळा. मी दहा वर्षांचा, आत्याकडं गेलो होतो, परळीजवळ. माळवदावरच्या खोलीत आजोबांची पत्र्याची ट्रंक होती. आजोबा इथंच, या गावात कारकुनी करायचे आणि दर आठवड्याला आजीला पत्र लिहायचे. पाकिटांवर निजामाची तिकिटं, बहुतेक एक आण्याचं चारमिनार. मी आणि आतेभावानं तिकिटं जमवायचं नुकतंच मनावर घेतलं होतं. सगळी पाकिटं घमेल्यात भिजत घातली. दुपारपर्यंत तिकिटं सुटली, कागदाचा लगदा झाला, शाई पाण्यात उतरून पाणी जांभळं झालं. उरलेलं चुलवणात घातलं. त्यावरच संध्याकाळी आंघोळीचं पाणी तापलं.

आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. पत्रं दुसऱ्याकडून वाचून घेई आणि पाकीट मात्र स्वतः जपून ठेवी. तिनं तिकिटांचा ढीग बघितला आणि एवढंच विचारलं, "आन् ह्यांचं गाव कुठं गेलं रे लेकरा?" पत्र कुठून आलंय ते तिला शिक्क्याच्या आकारावरून ओळखू येई. आज साठ वर्षं झाली, तो प्रश्न माझ्या अल्बमच्या पहिल्या पानावर लिहिलेला आहे.

बघा ना, त्या शिक्क्यांवर गाव होतं मोमिनाबाद. म्हणजे हेच, आपलं अंबाजोगाई. इथल्या योगेश्वरी शाळेत स्वामी रामानंद तीर्थ शिकवत होते तेव्हाही टपालात हे मोमिनाबादच. ते नाव आता कागदावरच सापडतं, आणि मी ते स्वतःच्या हातानं धुऊन टाकलं.

आता घड्याळाकडं बोट दाखवताहेत, तेव्हा भराभर सांगतो.

मराठवाड्याच्या संग्राहकानं एक जोडी जरूर करावी. 1931 च्या निजामाच्या मालिकेत आठ आण्याच्या तिकिटावर अजिंठ्याच्या लेण्यांचं प्रवेशद्वार आहे, आणि एक रुपयावर दौलताबादचा मनोरा. पुढं 15 ऑगस्ट 1949 ला भारताची पुरातत्त्व मालिका निघाली, तिच्यात तीन पैच्या तिकिटावर पुन्हा अजिंठाच. लेणी तीच, राज्य बदललेलं. मधल्या काळात 17 सप्टेंबर 1948 येऊन गेला, निजामाचं राज्य संपलं. ही दोन पाकिटं शेजारी ठेवली की तासाभराचं भाषण वाचतं.

नामदेवांच्या सातशेव्या जयंतीचं तिकीट 1970 ला निघालं. त्याचं आवरण माझ्याकडं आहे, पण शिक्का मुंबईचा. नरसी तर आपल्या हिंगोलीकडची! तिकडचा शिक्का असलेलं पाकीट दिसलं तर मी त्याच्यासाठी दहा आवरणं देईन. म्हणून तरुणांना सांगतो, टपाल खात्याच्या फिलाटेलिक ब्युरोतून, म्हणजे संग्राहकांसाठीच्या विभागातून, कोरं करकरीत आवरण मागवाच, पण त्याच दिवशी तेच तिकीट मिळालं तर साध्या पाकिटाला लावा, आपल्या पोस्टात शिक्का मारून घ्या आणि स्वतःच्याच पत्त्यावर टाका. आपल्या गावाची नोंद तशीच होते. गावाच्या एखाद्या प्रसंगावर तिकीट निघणार नसेल, तर विशेष आवरण, म्हणजे त्या प्रसंगासाठी छापलेलं, खास शिक्क्याचं पाकीट निघू शकतं. संस्थेनं टपाल खात्याकडं अर्ज करायचा आणि शुल्क भरायचं. या वाचनालयानं ते मनावर घ्यावं, ही माझी खरी विनंती.

जपणुकीबद्दल दोनच गोष्टी. लॅमिनेशन नको, चिकटपट्टी तर मुळीच नको. पाकीट आम्लरहित कागदावर कोपऱ्यांनी अडकवा आणि नोंद पेन्सिलीनं करा. आणि ट्रंक पत्र्याच्या छपराखाली ठेवू नका. इथल्या मे महिन्यात गोंद तडकतो, पावसाळ्यात कसर लागते.

पाच-सहा पाकिटं मागच्या टेबलावर मांडली आहेत. हात कोरडे करून खुशाल उचलून बघा. आणि ज्यांनी आत्ता हात वर केला होता ते दोघं, तुम्ही जाण्याआधी मला भेटा.