दहा खांबांची शर्यत

श्रोतेहो, नमस्कार.

आज मी मोटारसायकलच्या शर्यतींबद्दल बोलणार आहे. ट्रॅकवरच्या नव्हे, रस्त्यावरच्या. ऐंशीच्या दशकात आणि नव्वदीच्या सुरुवातीला आपल्या सोलापुरात होटगी रोडवर रात्री उशिरा लागायच्या त्या. कायद्याने तो गुन्हा होता, आजही आहे, आणि असायलाच हवा. मी स्वतः गाडी पळवणाऱ्यांतला नव्हतो. ज्या गॅरेजात त्या गाड्या तयार व्हायच्या तिथे मी हाताखाली काम शिकत होतो. त्यामुळे शर्यतीतली पोरं, त्यांच्या गाड्या आणि त्यांचं वेड हे सगळं मी अगदी हातभर अंतरावरून पाहिलं आहे.

तेव्हा आसरा चौक ओलांडला की पुढे फारशी वस्ती नव्हती. सात रस्त्यावर चहा व्हायचा, गिरणीच्या पाळीवरून परतणाऱ्या सायकली ओसरायच्या आणि मग एकेक गाडी दिवा न लावता तिकडे निघायची. शर्यत दहा खांबांची. विजेचे दहा खांब मोजायचे, दहाव्या खांबाशी एकजण बॅटरी घेऊन उभा राहायचा. सुरुवातीला दुसरा एकजण दोन गाड्यांच्या मधोमध रुमाल धरून उभा. रुमाल खाली आला की क्लच सुटला. पंधरा-सतरा सेकंदांत सगळं संपायचं. मागे राहायचा तो टू-स्ट्रोकचा निळसर धूर आणि जळक्या ऑइलचा वास. आमच्या पिढीतल्या कितीतरी लोकांना तो वास आजही नुसता आठवला तरी बरं वाटतं.

गाड्या तीनच. येझदी सगळ्यात जुनी. तिची किक आणि गिअरचा दांडा एकच असायचा, किक मारून झाली की तोच दांडा पुढे वळवून गिअर टाकायचा. गाडी दणकट, पण अंगाने जड. दुसरी राजदूत 350. यामाहाच्या आरडी 350चं इंजिन, एस्कॉर्ट्स कंपनीने 1983 साली ती इथे आणली. 347 सीसी, दोन सिलिंडर, सहा गिअर. एवढ्या ताकदीच्या गाडीला पुढचा ब्रेकही ड्रमचाच होता, ही गोष्ट आमच्या उस्तादांना, म्हणजे गॅरेजच्या मुख्य मिस्तरींना, पहिल्या दिवसापासून खटकत होती. गाडी विकत घेणारा शेठजींचा पोरगा आला की ते आधी हेच सांगायचे, की ही पळेल भरपूर, थांबेल तेव्हा खरं. आणि तिसरी यामाहाची आरएक्स 100. 1985च्या अखेरीला आली. 98 सीसी, अकरा हॉर्सपॉवर, वजन शंभर किलोच्या आसपास. कागदावर बघितलं तर राजदूतपुढे काहीच नाही. पण दहा खांबांत ती भल्याभल्यांना पाणी पाजायची, कारण गाडी हलकी आणि पिकअप जबरदस्त.

एवढ्या थोड्या अंतराची शर्यत पहिल्या दोन गिअरमध्येच जिंकली किंवा हरली जाते. म्हणून पोरं पुढचं चेन-स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, एक-दोन दात्यांनी लहान करून मागायची. त्याने वरचा वेग कमी होतो, पण गाडी जागेवरून उसळते. मग सिलिंडरचे पोर्ट, म्हणजे हवा-धुराच्या वाटा, कानशीने घासून मोठे करणं, कार्बोरेटरमधला पेट्रोल सोडणारा जेट बदलणं, सिलिंडरचं हेड खरडून आतला दाब वाढवणं. हे सगळं हातानं, कानानं आणि नजरेनं चालायचं. संगणक नव्हता, इंजिनाची ताकद मोजणारा डायनो नव्हता. होता तो स्पार्क प्लग.

उस्ताद म्हणायचे, ‘‘प्लग बघ बे आधी, इंजिन काय म्हणायलंय ते तोच सांगतो.’’ गाडी एकदा सपाट पळवून आणायची, जागेवर बंद करायची आणि गरम असतानाच प्लग काढायचा. त्याचं टोक भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखं तांबूस असेल तर पेट्रोल-हवेचं प्रमाण बरोबर. काळं, काजळी धरलेलं असेल तर पेट्रोल जास्त जातंय; धूर निघेल, वेग मिळणार नाही. पांढरंफटक असेल तर गाडी सुसाट पळेल, पण पेट्रोल कमी पडल्याने इंजिन आतून तापतंय आणि पिस्टन कुठल्याही क्षणी सिलिंडरला चिकटेल. टू-स्ट्रोक गाडी भर वेगात अशी जाम झाली की मागचं चाक जागच्या जागी लॉक होतं. म्हणून चांगला चालवणारा गडी डाव्या हाताची दोन बोटं कायम क्लचवर ठेवायचा. इंजिनाचा आवाज जरा बदलला की क्लच दाबला. ही सवय ज्याला होती तो वाचायचा.

आता मी तुम्हाला थोडं दूर नेतो. सरळ रेषेत, थोड्या अंतरात दोन गाड्या लढवायच्या, या खेळाला जगात ड्रॅग रेसिंग म्हणतात आणि तो वाढला अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात. तिथे 1930च्या दशकात पोरं जुन्या फोर्ड गाड्या उघड्या करून म्यूरॉकच्या कोरड्या तळ्याच्या पात्रात वेग आजमावायची. दुसरं महायुद्ध संपलं, सैन्यात इंजिनं दुरुस्त करायला शिकलेले तरुण घरी आले, हातात थोडा पैसा आला आणि शर्यती गावातल्या रस्त्यांवर उतरल्या. माणसं मेली, लोक चिडले, पोलीस मागे लागले. आपल्याकडे जे झालं तेच. फरक आहे तो त्यांनी पुढे काय केलं यात.

1950 साली सांता आना इथे सी. जे. हार्ट नावाच्या गृहस्थाने विमानतळाच्या धावपट्टीवर दर रविवारी रीतसर शर्यती सुरू केल्या. पुढच्याच वर्षी वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन ही संस्था काढली. तिने गाड्यांची तपासणी, हेल्मेट, पट्टा, वर्गवारी, सगळ्याला नियम लावले. अंतर ठरलं पाव मैल, म्हणजे 402 मीटर. आमचे दहा खांब त्याला थोडे कमीच पडत असतील. संस्थेची पहिली अधिकृत शर्यत 1953 साली पोमोना गावी झाली, आणि ही गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते, की तिथल्या पोलिसांनी या पोरांना साथ दिली. त्याच गावचा बड कून्स नावाचा पोलीस सार्जंट 1954 साली तीन सहकारी घेऊन देशभर फिरला. गाडीमागे ट्रेलर, त्यात वेळ मोजायची यंत्रं. शर्यत सुरक्षित कशी घ्यायची हे गावोगावी दाखवत फिरणारा माणूस पोलीस होता!

आणखी एक. 1955 साली लॉस एंजेलिसजवळ विल्मिंग्टन इथे ड्रॅग रेसिंगची एक पट्टी उभी राहिली. ती उभारली तिथल्या लायन्स क्लबांनी, पोरं रस्त्यावरून हटावीत म्हणून. आपल्याला लायन्स क्लब म्हटलं की डोळ्यांचं शिबिर आठवतं. तेही मोलाचंच काम आहे. पण शर्यतीसाठी रस्ता बांधून देणं हे समाजकार्य असू शकतं, हे तिथल्या लोकांना सत्तर वर्षांपूर्वी कळलं होतं.

याच पट्टीवर 1970 साली डॉन गार्लिट्स या नामांकित चालकाच्या गाडीचं ट्रान्समिशन फुटलं आणि त्याच्या उजव्या पायाचा पुढचा भाग गेला. तोवर इंजिन पुढे आणि चालक मागे अशी रचना असायची. फुटलं की सगळं चालकाच्या अंगावर. गार्लिट्सने दवाखान्यातून आल्यावर इंजिन चालकाच्या मागे बसवलेली गाडी तयार केली आणि 1971पासून तिने मैदान मारलं. पुढे सगळ्यांनी तीच रचना उचलली. मिस्तरी म्हणून मला या माणसाबद्दल फार आदर आहे. अपघात झाला, तो कशाने झाला हे शोधलं आणि गाडी बदलली. हे शक्य झालं कारण शर्यत उघड होती. शेकडो लोकांनी पाहिली, नोंद झाली, चर्चा झाली.

आमच्याकडचा अपघात मात्र अंधारात झाला. गाळपाचे दिवस होते. त्या रात्री पोरं होटगी रोड सोडून तुळजापूर रोडला गेली होती. उसानं भरलेली बैलगाडी मधे आली. तिला मागे ना कंदील ना लाल कापड. ताशी नव्वदचा वेग म्हणजे सेकंदाला पंचवीस मीटर. त्या काळातले पिवळट हेडलाइट जेवढं दाखवायचे, तेवढ्यात ब्रेक दाबायचा विचार मनात येईपर्यंतच गाडी पोचलेली असते. वेग दुप्पट झाला तर ब्रेक दाबल्यावर थांबायला अंतर चौपट लागतं, हे शाळेतलं गणित आहे. रस्त्यावर ते कुणी करून बघत नाही. पूर्व भागातल्या एका विणकराचा एकुलता एक मुलगा गेला. घरी मागावर चादरी विणायच्या, आरएक्सचे हप्ते चालू होते. गाडीवान बिचारा थरथरत कडेला बसला होता, त्याचा एक बैल जखमी. सोबतची पोरं पांगली, कारण थांबलं तर पोलीस केस. दवाखान्यात न्यायला उशीर झाला तो यामुळे. मला या सगळ्यात सर्वांत जास्त सलतं ते हेच. शर्यत बेकायदा असते म्हणून जखमी माणसाजवळ थांबायलाही मित्र घाबरतात.

उस्तादांनी दुसऱ्या दिवसापासून शर्यतीच्या गाडीला हात लावणं बंद केलं. कानशी धुऊन, ऑइल लावून, फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवल्या. कुणी आलंच तर म्हणायचे, ‘‘अण्णा, ब्रेक चांगले करून देतो, चालंल का?’’

आता कायद्याचं. मोटार वाहन कायदा 1988, कलम 189. सार्वजनिक जागी शर्यत लावली तर पूर्वी एक महिन्यापर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड होता. 2019च्या दुरुस्तीनंतर तो तीन महिने किंवा पाच हजार झाला. पुन्हा सापडलात तर एक वर्ष किंवा दहा हजार. पण या कलमाचे शब्द नीट वाचा. राज्य शासनाच्या लेखी संमतीशिवाय शर्यत लावणं हा गुन्हा, असं ते म्हणतं. म्हणजे संमतीचा दरवाजा कायद्यानेच ठेवलेला आहे. सोलापुरात तो कुणी ठोठावल्याचं मी कधी ऐकलं नाही.

आणि जागा? होटगी रोडलाच तर आपलं विमानतळ. त्या काळात आतली धावपट्टी वर्षानुवर्षं जवळपास रिकामी असायची. कधीतरी एखाद्या मंत्र्याचं विमान उतरायचं, तेवढंच. भिंतीच्या आत मोकळी, सरळ, डांबरी धावपट्टी आणि भिंतीच्या बाहेर त्याच रस्त्यावर पोरं खांब मोजून जीव धोक्यात घालतायत. तिकडे मद्रासजवळ शोलावरमला युद्धकाळातली जुनी धावपट्टी होती, तिथे मोटार स्पोर्ट्स क्लबने कित्येक वर्षं शर्यती भरवल्या. देशातले कितीतरी चालक तिथे घडले. पुढे त्या क्लबने स्वतःचा ट्रॅकही बांधला. आपल्या धावपट्टीवरून आता गोव्याची विमानं सुरू झाली, गावाला आनंद आहे, मलाही आहे. म्हणजे ती जागा आता मागायची नाही.

पोरं मात्र आजही पळवतात. हायवे चौपदरी झाले, गाड्यांची ताकद तिप्पट-चौपट झाली, आणि आता मोबाईलवर व्हिडिओ काढायचा मोह वेगळाच. माझ्या गॅरेजात येणाऱ्यांना मी रागावत नाही. रागावलं की ते दुसऱ्या गॅरेजात जातात, ब्रेक न बघता. लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर रीतसर ड्रॅग रेस भरायची, तिथे आमच्याकडचा एक पोरगा जाऊन आला. येताना वेळेची छापील चिठ्ठी घेऊन आला. दिवा हिरवा झाल्यापासून गाडी हलायला किती वेळ लागला, पहिल्या साठ फुटांना किती, शेवटी वेग किती, सगळं त्यावर. आम्ही दोघं ती चिठ्ठी काउंटरवर पसरून बसलो. त्याला वाटत होतं इंजिन कमी पडलं. आकडे सांगत होते की पहिल्या साठ फुटांतच मार खाल्ला. क्लच घसरत होता. प्लेटा काढल्या तर खरंच जळून काळ्या पडलेल्या. ‘‘काका, रस्त्यावर हे कधी कळलंच नसतं,’’ तो म्हणाला. त्यानंतर त्याने हायवेवर गाडी लढवल्याचं मी तरी ऐकलं नाही. पण लोणावळ्याला जाण्यायेण्याचा, गाडी टेम्पोत घालून नेण्याचा खर्च किती जणांना परवडतो?

म्हणून माझं मागणं अगदी साधं आहे, आणि ते मी या आकाशवाणीवरून जिल्हाधिकारी साहेबांकडे, पोलीस आयुक्तांकडे आणि गावातल्या क्लबांकडे करतो. चिंचोळी एमआयडीसीतला एखादा सरळ रस्ता, वर्षातून चार-सहा रविवार, पहाटेपासून सकाळी दहापर्यंत बंद करून द्या. दोन्ही टोकांना बॅरिकेड, एक रुग्णवाहिका, एक डॉक्टर. मोटार स्पोर्ट्सच्या राष्ट्रीय महासंघाची रीतसर परवानगी. लायसन्स आणि हेल्मेट नसेल त्याला गेटातूनच परत. पाव मैल पळायला आणि त्याहून मोठी जागा थांबायला.

गाड्या तपासायला माणूस लागेल. ब्रेक, चेन, टायर, थ्रॉटलची केबल, सगळं बघून मगच पट्टीवर सोडणारा. ते काम मी विनामूल्य करीन. रविवारी माझं गॅरेज बंदच असतं.

नमस्कार.