खिडकी उघडी राहावी म्हणून

जून उजाडला की कोकणात नैऋत्येचा वारा पाऊस आडवा मारतो. चार महिन्यांत सुमारे तीन हजार मिलिमीटर. ताप, लेप्टो (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा आजार), जुलाब यांचे पेशंट वाढतात, ख्रिस्ती मिशनांच्या हॉस्पिटलांतले वॉर्ड भरतात. आणि झड आत येते म्हणून नेमक्या तेव्हाच खिडक्या लावल्या जातात.

खोकणाऱ्या माणसाशेजारी बंद खिडकी! पेरूतल्या लिमा शहरात आठ रुग्णालयांची पाहणी झाली, ती २००७ साली प्रसिद्ध झाली. उपचार सुरू न झालेल्या क्षयरुग्णांच्या सहवासात चोवीस तास काढले तर काय होईल, याचं गणित त्यात मांडलं होतं. यंत्राने हवा पुरवणाऱ्या खोल्यांत शंभरातल्या ३९ जणांना संसर्ग होईल. उंच छताच्या जुन्या वॉर्डांत, मोठ्या खिडक्या उघड्या असतील तर, ११ जणांना.

मिशन हॉस्पिटलांकडे पैसा बेताचाच. मग आर्किटेक्टची फी वाचवायची, शहरातला सपाट स्लॅबचा नकाशा आणायचा, भिंतीला एसी लावायचा. मला ही काटकसर वाटत नाही. वादळवाऱ्यात लाईट गेली की त्या खोलीत हवाच उरत नाही.

कोकणातल्या घराने हा प्रश्न केव्हाच सोडवलाय. उतरतं छप्पर भिंतीच्या बरंच पुढे येतं, पागोळ्या लांब पडतात, मध्ये रुंद पडवी. जांभ्याची भिंत पाणी पिते, तीही त्यामुळे कोरडी राहते. मंगळुरी कौलांचा कारखाना बासेल मिशन या स्विस ख्रिस्ती संस्थेने मंगळुरात १८६५ साली काढला. म्हणजे हे छप्पर मिशनवाल्यांना परकं नाहीच. वेंगुर्ल्यात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने सेंट ल्यूक्स हॉस्पिटल चालवलं, तेही याच पावसात.

वॉर्डाच्या दोन्ही बाजूंना पडवी असेल, छपराखाली उंचावर झरोके असतील, तर भर पावसातही वारा आरपार जातो. पेशंटसोबत गावाहून आलेल्या माणसांना टेकायला, डबा खायला तीच जागा. खोकल्याच्या पेशंटनेही नंबर येईपर्यंत तिथेच, मोकळ्या हवेत बसावं.

ऑपरेशन थिएटरचं मात्र वेगळं. तिथे गुळगुळीत भिंती, गाळलेली हवा आणि भरवशाचा जनरेटर हवाच. खर्च करायचा तो तिथे करा.

नव्या इमारतीची जागा मे महिन्यात पाहून नकाशा पक्का करू नका. आर्किटेक्टला जुलैत बोलवा. झड कुठल्या बाजूने येते, पाणी कुठे साचतं, हे त्याला भिजत पाहू द्या.